ॲटनंतरचा पत्ता कोण बदलतो?

मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे आणि वाशिम जिल्ह्यातही आहे. शिरपूर धुळ्यात आहे, आणि अंतरिक्ष पार्श्वनाथांचे शिरपूर वाशिमच्या मालेगाव तालुक्यात आहे. कारंजा दोन, एक लाडांचे वाशिममध्ये, दुसरे घाडग्यांचे वर्ध्यात. पाकिटावर नुसते 'मालेगाव' लिहिले तर ते यंत्रमागांच्या मोठ्या मालेगावी जाण्याचीच शक्यता जास्त. अशाच घोटाळ्यांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले बडे अधिकारी होते आणि संस्कृतात कविता लिहीत. आता ४४४५०३ म्हटले की वाशिमचे मालेगाव आणि ४२३२०३ म्हटले की नाशिकचे. वाद संपला.

टपालाचे वर्गीकरण करणारा माणूस चुकून पाकीट भलत्या थैलीत टाकेल. पण पाकिटावरचा 'मालेगाव, जिल्हा वाशिम' हा मजकूर खोडून त्याने तिथे कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या तिसऱ्याच गावाचे नाव लिहिले, आणि विचारल्यावर नियमाचे पुस्तक उघडून दाखवले तर? ईमेलच्या जगात हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. तुम्ही एका पत्त्यावर पत्र पाठवता आणि परत येणाऱ्या बाउन्समध्ये, म्हणजे 'पत्र पोचले नाही' असे कळवणाऱ्या निरोपात, पत्ताच वेगळा दिसतो. ॲटच्या आधीचे नाव तेच असते, नंतरचे डोमेन मात्र तुम्ही कधी ऐकलेलेही नसते. पाठवणारा म्हणतो, मी हे लिहिलेच नाही. घेणारा म्हणतो, हे डोमेन माझे नाही. दोघेही खरे बोलत असतात.

मग खोडाखोड केली कोणी? ती कशी होते हे पाहायचे तर पत्र निघाल्यापासून पोचेपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत डोकवावे लागते.

ईमेलच्या पत्त्यात ॲटनंतर जे लिहिलेले असते ते यंत्राचे नाव असतेच असे नाही. ते डोमेन असते, आणि त्या डोमेनची पत्रे कोणते यंत्र घेते हे डीएनएसला विचारावे लागते. डीएनएस म्हणजे जगभर विखुरलेली नावांची नोंदवही. पॉल मोकापेट्रिस यांनी तिचा आराखडा १९८३ मध्ये मांडला. तिच्यात नोंदींचे प्रकार आहेत. 'ए' नोंद नावावरून आयपी आकडा सांगते. 'एमएक्स' नोंद सांगते की या डोमेनची पत्रे अमुक यंत्राकडे द्या. ते यंत्र बंद असेल तर कोणाकडे जायचे हेही ती सांगते, कारण प्रत्येक एमएक्सला प्राधान्याचा आकडा असतो आणि लहान आकड्याला पहिला मान. मेल सर्व्हरने एमएक्स कसे वापरायचे हे क्रेग पार्ट्रिज यांनी जानेवारी १९८६ मध्ये लिहून ठेवले आणि ते आजही जवळपास तसेच चालते.

आपल्या गोष्टीतली कळीची नोंद मात्र तिसरीच आहे. ती म्हणजे 'सीनेम'. ही नोंद म्हणते, 'हे नाव खरे नाही. हे टोपणनाव आहे. मूळ नाव अमुक आहे, जे विचारायचे ते त्याला विचारा.' वाशिमला अशी नावे नवी नाहीत. वाकाटकांच्या ताम्रपटात हे वत्सगुल्म आहे आणि इंग्रजी अमलातल्या कागदांत बासिम. डीएनएसच्या भाषेत बासिम हे वाशिमचे सीनेम झाले असते. बासिमविषयी काहीही विचारा, उत्तर येणार: वाशिमकडे जा.

इथपर्यंत सगळे निरुपद्रवी आहे. संकेतस्थळ उघडताना ब्राउझर टोपणनावाचा माग काढत मूळ नावापर्यंत जातो आणि पान दाखवतो. वरच्या पट्टीत तुम्ही टाइप केलेलेच नाव राहते. ईमेलचे तसे नव्हते. ऑक्टोबर १९८९ मध्ये इंटरनेटवरच्या यंत्रांनी कसे वागावे याची संहिता निघाली. आरएफसी ११२३ हा तिचा क्रमांक. तिच्यात स्पष्ट बजावले होते की पत्र पुढे देताना पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या पत्त्यातले डोमेन हे संपूर्ण आणि मुख्य नावच असले पाहिजे. टोपणनाव चालणार नाही, संक्षेपही चालणार नाही. म्हणजे सर्व्हरला सीनेम भेटले की त्याने पत्त्यातले नाव खोडून मूळ नाव लिहायचे. सक्तीने.

मला या साऱ्यात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच. पत्ता बदलणारा सर्व्हर बिघडलेला नसतो, तो आज्ञाधारक असतो.

आज हा नियम विचित्र वाटतो. पण तो आला त्या काळात पत्ते फिरवणे हेच मेल सर्व्हरचे मुख्य काम होते. भारतातले पहिले ईमेलचे प्रयोग १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात एर्नेट प्रकल्पात झाले आणि त्याचे एक मोठे केंद्र मुंबईत जुहूला होते: एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. श्रीनिवासन रमणी तिथे प्रमुख होते. 'डॉट इन' हे भारताचे डोमेन ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले आणि त्याची व्यवस्थाही याच संस्थेकडे होती. तिथल्या यंत्रांना शक्ती, संगम, साथी अशी नावे होती. त्या काळी यूयूसीपी नावाच्या पद्धतीत टेलिफोनच्या तारेवरून पत्रे टप्प्याटप्प्याने पुढे ढकलली जात, आणि पत्त्यात गावाचे नाव नसून सगळा रस्ताच लिहिलेला असे. आधी हे यंत्र, मग उद्गारचिन्ह, मग पुढचे यंत्र, पुन्हा उद्गारचिन्ह, आणि शेवटी माणूस. हा रस्ता डावीकडून उजवीकडे वाचायचा. ॲटवाला पत्ता मात्र उजवीकडून वाचायचा. एकाच पत्त्यात उद्गारचिन्ह आणि ॲट दोन्ही आले, तर आधी कुठे जायचे याचे एकमेव उत्तर नव्हते.

कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांच्यासमोर नेमका हाच पेच होता. एकाच आवारात तीन प्रकारची जाळी आणि तीन प्रकारचे पत्ते. त्यांनी आधी डिलिव्हरमेल आणि मग सेंडमेल लिहिले, आणि सेंडमेलच्या पोटात पत्ते फिरवण्याच्या नियमांची छोटी भाषाच घातली. डावीकडे पत्त्याचा आकार, उजवीकडे त्याचे काय करायचे ते. ती भाषा इतकी दुर्बोध होती की सेंडमेलची फाइल वाचता येणे हीच कित्येक वर्षे एक पात्रता मानली जाई. त्या भाषेत चौकटी कंसाच्या दोन खुणांमध्ये नाव लिहिले की सेंडमेल ते डीएनएसला विचारते आणि उत्तरात आलेले मुख्य नाव जागेवर बसवते. एका ओळीचे काम. आणि आपल्या गूढाचे एक मूळ त्या ओळीत आहे.

ब्रिटनमधली गंमत तर आणखी वरची. तिथल्या विद्यापीठांच्या जेनेट जाळ्यात डोमेन उलट लिहीत, म्हणजे आधी यूके, मग एसी, मग विद्यापीठ, मग विभाग. बाहेरच्या जगाशी बोलताना मधले यंत्र ते पालथे करी. संगणकशास्त्र विभागाचे लघुनाव होते 'सीएस', आणि 'डॉट सीएस' हे तेव्हा चेकोस्लोव्हाकियाचे डोमेन होते. उलटसुलट करण्यात गफलत झाली की ब्रिटनमधल्या प्राध्यापकाचे पत्र चेकोस्लोव्हाकियाची वाट धरायचे. तो देश नंतर विभागला गेला आणि ते डोमेनही गेले, म्हणून निदान तो घोळ मिटला!

आता आजच्या काळात येऊ. समजा कारंजा लाडमधल्या एका वाचनालयाचे डोमेन आहे, कारंजावाचन डॉट इन. (हे नाव इथल्यापुरते रचलेले आहे.) पत्रे एका मेल कंपनीकडे येतात, एमएक्स नोंद तशी आहे. पुढे संकेतस्थळ नवे करायचे ठरते. संकेतस्थळ बनवणारी कंपनी म्हणते, 'फक्त एक सीनेम टाका, साइट्स डॉट अमुकहोस्ट डॉट कॉम असा. बाकी आम्ही पाहतो.' कुणीतरी डोमेनच्या नोंदींचे पॅनेल उघडून थेट मूळ नावावरच ती नोंद टाकतो. साइट दिसू लागते, सत्कारही होतो. दोन दिवसांनी कुणीतरी तक्रार करतो की ग्रंथपालांना पाठवलेले पत्र परत आले. आणि बाउन्समध्ये पत्ता दिसतो: ग्रंथपाल ॲट साइट्स डॉट अमुकहोस्ट डॉट कॉम.

काय झाले ते आता तुमच्या लक्षात आले असेल. सीनेमचा अर्थ 'फक्त साइटसाठी तिकडे जा' असा नसतोच. 'या नावाचे सगळेच तिकडे आहे' असा असतो. म्हणूनच १९८७ च्या मूळ नियमात म्हटले आहे की ज्या नावाला सीनेम आहे त्या नावाला दुसरी कोणतीही नोंद असू नये. एमएक्स आणि सीनेम एका नावावर नांदू शकत नाहीत. चांगली पॅनेले अशी नोंद घेतच नाहीत. काही घेतात, आणि मग जे होते ते शोधकथेत शोभावे असे असते.

कारण बिघाड सतत होत नाही. काही पत्रे सुखरूप पोचतात, काही परततात. मेल सर्व्हर दर वेळी मूळ नोंदवहीपर्यंत जात नाही. मध्ये रिझॉल्व्हर नावाचा मध्यस्थ असतो आणि तो मिळालेली उत्तरे काही काळ स्मरणात ठेवतो. त्या रिझॉल्व्हरला सकाळी कुणी आधी एमएक्स विचारला, तर तो एमएक्स मिळण्याची आणि पत्र नीट जाण्याची शक्यता असते. पण त्याच रिझॉल्व्हरमधून आधी कुणी वाचनालयाची साइट उघडली असेल, तर त्याच्या स्मरणात सीनेम बसलेले असते. मग एमएक्स विचारल्यावर तो सीनेमच्याच मागे जातो. म्हणजे पत्र पोचणार की नाही हे, पत्राशी काडीचा संबंध नसलेल्या कोणा वाचकाने तासाभरापूर्वी साइट पाहिली का, यावर ठरू शकते! असा बिघाड पहिल्यांदा पाहणाऱ्याला भुताटकी वाटली तर त्याला हसू नये.

टोपणनाव खोडून मूळ नाव लिहिण्याचा १९८९ चा नियम काटेकोर पाळण्यात क्यूमेल आघाडीवर होते. डॅनियल बर्नस्टाइन यांनी लिहिलेल्या या सर्व्हरची १.०३ आवृत्ती जून १९९८ मध्ये आली. सुमारे पंधरवड्याने, १ जुलै १९९८ ला, अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण वय लक्षात ठेवायला सोपे पडते. पत्र पुढे देण्याआधी क्यूमेल सीनेम आहे का हे तपासायचे, आणि त्यासाठी डीएनएसला विचारायचे, 'या नावाबद्दल जे काही असेल ते सगळे सांग.' डीएनएसच्या नेहमीच्या उत्तराला तेव्हा ५१२ बाइटांची मर्यादा होती. मोठ्या कंपन्यांची 'सगळी' उत्तरे फुगत गेली, ५१२ ओलांडू लागली, आणि क्यूमेल गोंधळून म्हणू लागले, 'सीनेम लुकअप फेल्ड टेंपररिली'. एओएलला जाणारी पत्रे अशी अडकली आणि जगभरच्या व्यवस्थापकांनी ठिगळ शोधले. पत्ता दुरुस्त करण्याच्या तपासणीनेच पत्र अडवले. 'सगळे सांग' हा प्रश्न पुढे इतका उपद्रवी ठरला की जानेवारी २०१९ च्या आरएफसी ८४८२ ने नामसर्व्हरांना, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या यंत्रांना, त्याचे पूर्ण उत्तर न देण्याची मुभा दिली.

मूळ सक्ती त्याआधीच सैल झाली होती. एप्रिल २००१ मध्ये आलेल्या आरएफसी २८२१ ने आणि ऑक्टोबर २००८ च्या ५३२१ ने सांगितले की सीनेम भेटले तर पुढच्या शोधासाठी मूळ नाव वापरा. पत्त्यातले नाव बदललेच पाहिजे ही अट राहिली नाही. सेंडमेलमध्येही सीनेम न उलगडण्याचा पर्याय आहे. पण सॉफ्टवेअर जुने झाले म्हणून कोणी काढून टाकत नाही. एकदा बसवलेला मेल सर्व्हर चालतोय तोवर चालू देण्याची आपल्याकडे रीतच आहे, आणि नियम गेला तरी तो पाळणारी यंत्रे मागे राहतात.

सीनेम हा एकच गुन्हेगार नाही. दुसरा आहे टिंब. डोमेनच्या अगदी शेवटी, 'इन' किंवा 'कॉम'च्याही नंतर, एक टिंब असते. आपण ते कधी लिहीत नाही. त्या टिंबाचा अर्थ 'नाव इथे संपले, याच्यापुढे काही जोडू नका'. डोमेनच्या झोन फाइलमध्ये, म्हणजे नोंदींच्या यादीत, नोंद लिहिताना ते टिंब विसरले, तर नामसर्व्हर निमूटपणे मागे स्वतःचे डोमेन चिकटवतो. मेल डॉट कारंजावाचन डॉट इन असे लिहायचे असते आणि तयार होते मेल डॉट कारंजावाचन डॉट इन डॉट कारंजावाचन डॉट इन. हे वाचताना जीभ अडखळते, यंत्राची अडखळत नाही.

असेच चिकटवणे पत्र पाठवणाऱ्या बाजूलाही होते. सर्व्हरवर 'सर्च' यादी असते. अपुरे नाव दिसले की तिच्यातले डोमेन मागे जोडून पाहायचे. ऑफिसात नुसते 'लेखा' लिहिले की 'लेखा डॉट आपली संस्था' सापडावे म्हणून ही सोय. पण संस्थेच्या डोमेनला तारांकित नोंद असेल, म्हणजे 'कोणतेही नाव विचारा, उत्तर आहेच' अशी, तर अनर्थ होतो. कुणी जीमेल डॉट कॉमऐवजी चुकून जीमेल डॉट कॉन लिहिले. असे डोमेन नाही, तेव्हा खरे तर पत्र लगेच परतायला हवे. पण सर्व्हर मागे आपले डोमेन जोडून पाहतो, आणि तारांकित नोंद हसतमुखाने म्हणते, 'हो, आहे की!' एक्झिम नावाच्या, केंब्रिजमध्ये फिलिप हेझल यांनी लिहिलेल्या सर्व्हरमध्ये तर असे लांबवलेले नाव पत्राच्या शीर्षांतही भरून टाकण्याचा पर्याय मुळातच चालू असतो. मग पत्र उघडून पाहिले तरी 'प्रति'समोर बदललेलाच पत्ता दिसतो आणि मूळ काय लिहिले होते याचा पुरावाच राहत नाही. या मागे-जोडण्यातला धोका ऑक्टोबर १९९३ च्या आरएफसी १५३५ ने जाहीरपणे सांगितला होता. 'डॉट कॉम'वाल्या यंत्राने एखाद्या विद्यापीठाचे 'डॉट एज्यू' नाव शोधताना मागे 'कॉम' जोडून पाहिले, आणि 'एज्यू डॉट कॉम' कुणी घेऊन ठेवले असेल, तर विद्यापीठांकडे निघालेली माणसे त्याच्या दारात उभी!

बदल शीर्षात झाला की आणखी एक बळी जातो. हल्ली बहुतेक पत्रांवर डीकेआयएमची डिजिटल सही असते. पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव बहुधा त्या सहीत गुंतलेले असते. वाटेतल्या सर्व्हरने 'प्रति'मधले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही आणि पत्र स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. १९८९ मध्ये जी शिस्त होती ती आता खाडाखोड ठरते.

आणि सर्वांत सुंदर बदल आपल्या लिपीचा आहे. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' डोमेन घेता येते, मराठीतही. पण डीएनएसमध्ये आजही हा शब्द देवनागरीत साठवला जात नाही. 'भारत' तिथे एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि मग एच २ बी आर जे ९ सी असा राहतो. प्युनिकोड या पद्धतीने तो रोमन अक्षरांत आणि आकड्यांत मुरडलेला असतो आणि वाचताना पुन्हा उलगडतो. हा बदल मात्र हेतुपुरस्सर आहे, दोन्ही बाजूंना उलटवता येतो, आणि त्यात काहीही हरवत नाही. सीनेमने केलेला बदल एकेरी असतो. साइट्स डॉट अमुकहोस्ट डॉट कॉमकडे पाहून तिथे आधी कारंजावाचन होते हे कोणालाही सांगता येत नाही. त्या होस्टवर अशी हजारो टोपणनावे येऊन मिळालेली असतात.

तपास करायचा तर बाउन्सपासून सुरुवात करावी. पत्राच्या शीर्षातल्या 'रिसीव्ह्ड'च्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो. पत्ता ज्या ओळीत पहिल्यांदा बदललेला दिसतो तिथे थांबायचे. बदल घेणाऱ्याकडे पोचण्याआधीच झाला असेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर तपासायचा. सेंडमेल आणि एक्झिम दोन्हींना 'वजा बीटी' असे सांगून चाचणी करता येते. पत्र न पाठवता पत्त्याचे काय होणार ते कळते. मग 'डिग' या आज्ञेने डोमेनचा एमएक्स विचारायचा, सीनेम वेगळा विचारायचा, आणि दोन्ही प्रश्न थेट डोमेनच्या अधिकृत नामसर्व्हरला विचारायचे. मधल्या रिझॉल्व्हरच्या स्मरणशक्तीवर विसंबायचे नाही. मग डिगला 'सर्च' यादी वापरायला सांगून (आपणहून तो ती वापरत नाही) नावाच्या शेवटी टिंब लिहून एकदा आणि न लिहिता एकदा चाचणी करायची. दोन उत्तरे वेगळी आली तर सर्च यादीत घोळ आहे. अनुभव असा की दोष बहुतेक वेळा पत्र लिहिणाऱ्याकडे नसतो आणि वाचणाऱ्याकडेही नसतो. तो तिसऱ्याच कुणाच्या, तिसऱ्याच कामासाठी केलेल्या नोंदीत असतो.

म्हणून वाशिम, रिसोड, मानोरा, कुठेही शाळा, वाचनालय किंवा पतसंस्था आपले डोमेन सांभाळत असेल, तर ज्या नावावर पत्रे येतात त्या नावाला सीनेम लावू देऊ नका. साइटवाल्याला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'वर सीनेम द्या, आणि मूळ नावासाठी त्याच्याकडे ए नोंदीचा आकडा मागा. काही नामसर्व्हर सीनेमचे उत्तर स्वतःच ए नोंदीत उतरवून देतात, तेही चालेल. आणि चूक झालीच असेल, तर नोंद सुधारण्याआधी तिच्या शेजारचा टीटीएल हा आकडा, म्हणजे उत्तर किती सेकंद स्मरणात ठेवायचे ते, पाहा. तो ८६४०० असेल तर तुम्ही सुधारल्यानंतरही जगातले रिझॉल्व्हर जुनेच उत्तर पूर्ण एक दिवस देत राहू शकतात. ठरवून करायचा बदल असेल तेव्हा हा आकडा आदल्या दिवशीच ३०० करून ठेवा.